पुस्तके, आबा आणि मी

‘वाचाल तर वाचाल’ ही पाटी आपल्या ग्रंथालयात शिरताना आपण सारेच वाचतो आणि विसरतो. मला मात्र ती पाटी पाहिली की एक शंका छळते. वाचायचे ते काय? आणि वाचून माणूस वाचतो, तो नेमका कशापासून?

अभ्यासाची पुस्तके सोडली, तर आज आपल्या वर्गात हातोहात फिरतात ती कथा-कादंबऱ्यांची पुस्तके नव्हेत. ‘यशस्वी कसे व्हावे’, ‘श्रीमंत कसे व्हावे’, ‘लोकांना आपलेसे कसे करावे’ हे सांगणारी ती पुस्तके आहेत. एस.टी. स्टँडसमोर जुन्या पुस्तकांची गाडी लागते, तिथेही पुढच्या रांगेत हीच. मूळची बहुतेक अमेरिकेतली. आता मराठीतही सर्रास मिळतात. आपल्यातले काहीजण ती पोथीसारखी डोक्यावर घेतात. साहित्याची गोडी असलेली मंडळी त्यांच्याकडे पाहून नाके मुरडतात. मला या दोन्ही गोष्टी पटत नाहीत.

नाक मुरडणाऱ्यांना मला एवढेच सांगावेसे वाटते, की लोकांत कसे बोलावे, वेळ कसा वापरावा, पैसा कसा राखावा, हे काही घरांत जेवताना सहज कानांवर पडत असते. आमच्या घरी तसे नाही. माझे वडील – आम्ही त्यांना आबा म्हणतो – तालुक्याच्या बाजार समितीत हमाली करतात. आई दुसऱ्यांच्या शेतात रोजाने जाते. महाविद्यालयाची पायरी चढणारी घरातली पहिली मी. मुलाखतीला गेल्यावर खुर्चीत कसे बसावे, हे सांगणारा मामा किंवा काका ज्याला नाही, त्याला दीड-दोनशे रुपयांत असा मामा मिळत असेल तर त्याने तो का घेऊ नये? म्हणून मी ही पुस्तके वाचली, आवडीने वाचली. आणि वाचता वाचता त्यांच्याशी भांडलेही.

पहिले पुस्तक हाती आले ते डेल कार्नेगी यांचे ‘हाऊ टू विन फ्रेंड्स अँड इन्फ्लुएन्स पीपल’. ते १९३६ साली अमेरिकेत निघाले. त्या देशात तेव्हा महामंदीचे दिवस होते. लाखो लोक बेकार होते. कार्नेगी स्वतः मिझुरी राज्यातल्या एका गरीब शेतकऱ्याचे चिरंजीव. शिक्षक-महाविद्यालयात शिकताना गावात खोली घेणे परवडेना, म्हणून ते घोड्यावरून जा-ये करीत. पुढे त्यांनी फिरता विक्रेता म्हणून माल विकला आणि १९१२ पासून न्यूयॉर्कमध्ये भाषणकलेचे वर्ग घेतले. त्या वर्गांतून हे पुस्तक जन्मले. लेखक आपल्यासारख्याच घरातून आलेला आहे हे कळल्यावर मला ते पुस्तक अधिक जवळचे वाटले. त्यातले सांगणे तसे साधेच आहे. समोरच्याचे नाव लक्षात ठेवा. त्याचे बोलणे मन लावून ऐका. उगाच दोष काढू नका. चेहरा हसरा ठेवा.

नाव लक्षात ठेवण्याचा उपदेश मी आचरणात आणला आणि त्याचा उपयोग झाला, हे मोकळेपणाने सांगते. पहिल्या वर्षी मला वर्गात तोंड उघडायची भीती वाटे. तेव्हा मी ठरविले, की रोज एका नव्या माणसाचे नाव विचारायचे आणि दुसऱ्या दिवशी त्या नावाने हाक मारायची. ग्रंथालयातले शिपाईमामा, एस.टी.त रोज शेजारी बसणारी नर्सिंगची विद्यार्थिनी, मागच्या बाकावरच्या मुली – अशी माणसे जोडली गेली आणि भीती आपोआप कमी झाली.

पण एके दिवशी आबांचा डबा द्यायला मी मार्केट यार्डात गेले होते. आबा एका ट्रॅक्टरमधून सोयाबीनची पोती उतरवीत होते आणि त्या शेतकऱ्याला नावाने हाक मारून त्याच्या मुलीच्या बाळंतपणाची चौकशी करीत होते. पुढच्या ट्रॅक्टरशीही तेच. माझ्या मनात आले, कार्नेगीसाहेबांनी जे तीस प्रकरणांत सांगितले, ते आबा न वाचता करीत आले आहेत! मग त्यांचे ‘यश’ कुठे अडले? थोड्या वेळाने एक व्यापारी आला आणि कसल्याशा कारणावरून आबांना चार शब्द टाकून बोलला. आबा तेव्हाही हसले. ते हसू मला नीट दिसले. विक्रेत्याचे हसू आणि हमालाचे हसू एक नसते. विक्रेता हसतो तो गिऱ्हाईक जोडण्यासाठी. हमाल कधी कधी हसतो तो उद्याचे काम जाऊ नये म्हणून. ‘चेहरा हसरा ठेवा’ हा उपदेश ज्याला हसायचे की नाही हे ठरविण्याची मुभा आहे, त्याच्यासाठी आहे. पुस्तक खोटे नाही. पण ते कोणाशी बोलते आहे, हे आपण पाहिले पाहिजे.

दुसरे पुस्तक जेम्स क्लिअर यांचे ‘ॲटॉमिक हॅबिट्स’. २०१८ साली निघालेले हे पुस्तक आपल्या वर्गात निम्म्या जणांनी तरी वाचले असेल. रोज एक टक्का सुधारणा केली तर वर्षाअखेरीस आपण सदतीसपट सुधारतो, हा त्यातला हिशेब सर्वांना तोंडपाठ आहे. मी कला शाखेची असले तरी गणिताचे मला वावडे नाही. चक्रवाढीने गुणाकार करून पाहिला. ३६५ दिवसांनी खरोखरच ३७.७८ पट होते. मग मला गंमत सुचली. आबा पन्नास किलोचे पोते उचलतात. त्यांनी रोज एक टक्का वजन वाढविले, तर सत्तर दिवसांत त्यांच्या पाठीवर शंभर किलोचे पोते येईल आणि वर्षाअखेरीस सुमारे १,८८९ किलोचे! आबांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “मग ट्रकच उचलतो की, भाडं तरी वाचंल.”

विनोदाचा भाग सोडा. क्लिअर यांना पोत्याचे वजन अभिप्रेत नाही, हे मलाही कळते. छोट्या गोष्टी साठत जातात एवढेच त्यांना सांगायचे आहे, आणि ते खरे आहे. जुन्या सवयीला नवी सवय जोडा, ही त्यांची युक्ती मला फार उपयोगी पडली. रात्री भाकरी खाऊन ताट घासले, की लगेच दहा पाने वाचायची, असा मी नेम केला. ताट तर रोज घासावेच लागते, त्यामुळे वाचनही चुकत नाही. गेल्या वर्षभरात माझे जे अवांतर वाचन झाले ते या युक्तीने. पण रोज वाढतच जाईल अशी रेघ सगळ्याच आयुष्यांत काढता येत नाही. काही आयुष्यांत गुडघे रोज थोडे थोडे झिजतात. तिथे कालच्याइतके आज उभे राहता आले, यातच केवढा तरी पराक्रम असतो. त्या पराक्रमाचे पुस्तक निघत नाही.

आता तिसऱ्या पुस्तकाची गोष्ट. ही जरा सविस्तर सांगते, कारण त्या पुस्तकामुळे माझे शिक्षणच पणाला लागले होते.

रॉबर्ट कियोसाकी यांचे ‘रिच डॅड पुअर डॅड’ १९९७ साली निघाले. माझा थोरला भाऊ बारावीनंतर शिक्षण सोडून एम.आय.डी.सी.तल्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला लागला आहे. त्याला कोणीतरी हे पुस्तक दिले. दादाने शाळा सोडल्यापासून अखेरपर्यंत वाचलेले हे पहिलेच पुस्तक. त्यात सांगितले आहे, की जे आपल्या खिशात पैसा आणते ती मालमत्ता आणि जे खिशातून पैसा काढून नेते ते देणे. श्रीमंत माणूस मालमत्ता जमवितो, बाकीचे लोक देणी जमवितात. दादाला हे इतके पटले, की एका रविवारी त्याने वहीचे पान घेऊन घराचा हिशेब मांडला. मध्ये उभी रेघ ओढली. डाव्या बाजूला म्हैस, आईची दोन करडे आणि त्याचा स्वतःचा पगार. उजव्या बाजूला किराणा, वीजबिल, सोसायटीचे कर्ज आणि शेवटच्या ओळीत माझी फी, एस.टी.चा पास आणि पुस्तके.

दादा काही दुष्ट नाही. माझ्यावर त्याची माया आहे. पहिल्या वर्षाचे माझे दप्तर त्यानेच आणले होते. तो शांतपणे म्हणाला, “आबा, हिच्यावर वर्षाला जेवढं जातं तेवढ्यात आणखी एक म्हैस येती. ही बी.ए. होणार आणि मग लग्न करून जाणार. हे देणंच झालं ना?”

मी काही बोलले नाही. खरे सांगायचे तर दादाची बेरीज बरोबर होती. आबांनी तो कागद हातात घेतला. त्यांना आकडे वाचता येतात, अक्षरे येत नाहीत. बराच वेळ पाहून त्यांनी विचारले, “ह्यात मला कुठं मांडलंय?”

“तुम्हाला कशाला मांडू, आबा?”

“का रं? कमवतो बी मी आन् खातो बी मी. गुडघ्याच्या गोळ्यांला महिन्याला पैसं लागत्यात. आणिक चार वर्सांनी हमाली हुयाची न्हाई. मग मी कंच्या बाजूला बसू ते सांग.”

दादा गप्प झाला. त्याने कागद घडी करून पुस्तकात ठेवला. विषय त्या दिवशी तेवढ्यावर थांबला. पण संपला नव्हता. जूनमध्ये फी भरायची होती. मग मी ठरविले, की हे पुस्तक आपण स्वतः वाचायचे. दादाला जे दिसले ते त्यात आहे का, ते पाहायचे.

वाचले आणि दोन गोष्टी सापडल्या. पहिली अशी, की त्या पुस्तकातला ‘गरीब बाप’ मुळी गरीब नाहीच! तो हवाई बेटांवरच्या शिक्षण खात्यातला मोठा अधिकारी आहे, डॉक्टरेट मिळविलेला आहे. घर आहे, पगार आहे. फक्त त्याच्याजवळ पैसा साठत नाही, म्हणून तो गरीब. आणि ‘श्रीमंत बाप’ आहे तो आठवीसुद्धा न झालेला. म्हणजे ज्या घरात बापाला पेन्शनची आशा आहे, अशा घरातल्या मुलाला उद्देशून ते सांगणे आहे. माझे आबा त्या पुस्तकातल्या दोन बापांपैकी कोणीच नव्हेत. ते त्या पुस्तकात कुठेच नाहीत. दुसरी गोष्ट अशी, की आपल्याजवळची सर्वांत मोठी मालमत्ता म्हणजे आपली बुद्धी, असे त्या लेखकानेच म्हटले आहे. ते पान मी दादाला दाखविले. त्याने दोनदा वाचले. मग खिशातले पेन काढून शेवटची ओळ उजवीकडून खोडली आणि डावीकडे लिहिली. पुढे एक प्रश्नचिन्हही घातले! फी भरली गेली. ते प्रश्नचिन्ह मात्र अजून तसेच आहे, बी.ए.नंतर एम.ए.ला जायचे की नाही, हा प्रश्न पुढच्या वर्षी येणारच आहे. पण ‘वाचाल तर वाचाल’ या पाटीचा अर्थ मला तेव्हा कळला. दादाने पुस्तक वाचले म्हणून माझे शिक्षण धोक्यात आले, आणि मीही तेच पुस्तक वाचले म्हणून ते वाचले.

या प्रकारानंतर मला प्रश्न पडला, की पुस्तकातून धडा घेणे म्हणजे तरी काय? आपल्याआधीच्या लोकांनी तो कसा घेतला?

गांधीजींनी आत्मकथेत एक प्रसंग सांगितला आहे. १९०४ साली जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना त्यांचे मित्र पोलक यांनी स्टेशनवर त्यांच्या हाती जॉन रस्किन यांचे ‘अन्टू धिस लास्ट’ ठेवले. गाडीचा प्रवास चोवीस तासांचा. गांधीजींनी पुस्तक हातात घेतले ते खाली ठेवले नाही. त्या रात्री त्यांना झोप आली नाही. त्याच वर्षी त्यांनी डर्बनजवळ फिनिक्स येथे जमीन घेऊन आपले वृत्तपत्र तिथे हलविले. तिथे राबणाऱ्या सर्वांना सारखाच, महिना तीन पौंड मोबदला ठरला. पण गांधीजींनी आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे, ती मला अधिक मोलाची वाटते. आपल्या मनात जे खोल आधीच रुजले होते, त्याचेच प्रतिबिंब त्यांना त्या पुस्तकात दिसले. म्हणजे पुस्तकाने बी आणले नाही. जमिनीत असलेल्या बीला पाणी घातले.

याच्या उलट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची गोष्ट. शाळेत असताना परीक्षेतल्या यशाबद्दल त्यांचा सत्कार झाला, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले. त्या विद्यार्थ्याने ते वाचले. पुढे तो अमेरिकेत शिकला, इंग्लंडमध्ये शिकला. महाडचा सत्याग्रह झाला, राज्यघटना झाली. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मध्ये जवळजवळ अर्धे शतक गेले! एक पुस्तक एका रात्रीत फळले, दुसरे पन्नास वर्षांनी. आज आपल्याला ‘एकवीस दिवसांत आयुष्य बदला’ असे सांगितले जाते, तेव्हा मला ही पन्नास वर्षे आठवतात.

तिसरे नाव महर्षी कर्व्यांचे. त्यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ साली प्रसिद्ध झाले. १८७५ साली ते कोकणातल्या मुरुडहून परीक्षेसाठी साताऱ्याला चालत गेले. शंभर मैलांहून अधिक वाट, मध्ये सह्याद्रीचा घाट, पावसाळ्याचे दिवस. पायपीट करून पोचले, तर तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितले, की तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस. तुला बसता येणार नाही. आलेल्या वाटेने परत! आजच्या एखाद्या यशाच्या पुस्तकात हा प्रसंग असता, तर खाली चौकटीत ‘अपयश ही यशाची पहिली पायरी’ असे छापले असते. कर्वे तसे काही करीत नाहीत. झाले ते सांगतात आणि पुढे जातात. आणि एक पाहा. ‘आत्मवृत्त’ निघाले तेव्हा हिंगण्याचा आश्रम चालू होता, पण महिला विद्यापीठ निघायला अजून एक वर्ष होते. ‘भारतरत्न’ तर दूरच, ते १९५८ साली मिळाले. शिखरावर उभे राहून खालची वाट दाखविण्यासाठी त्यांनी लिहिलेले नाही. अर्ध्या वाटेवर, चालता चालता लिहिले आहे. यशाची पुस्तके बहुधा उलट्या दिशेने लिहिलेली असतात. आधी यश मिळते, मग त्याची कारणे मागे मागे शोधीत जातात.

या पुस्तकांच्या उलट्या वाचनात एक गोष्ट नेहमी सांडून जाते, ती म्हणजे ‘आपण सगळे’. तिथे सगळे ‘मी’ करतो. मी पहाटे उठलो, मी सवय लावली, मी जिंकलो. आता माझ्याच शिक्षणाचे पाहा. मी रोज दहा पाने वाचते म्हणून मी इथवर आले का? आबांची मजुरी माथाडी मंडळाकडे नोंदली जाते, त्यांचा प्रॉव्हिडंट फंड साठतो. त्यातून काढलेल्या रकमेने माझा प्रवेश झाला. हे मंडळ आले ते १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे. आणि तो कायदा आला तो अण्णासाहेब पाटलांसारख्या पुढाऱ्यांमागे उभ्या राहिलेल्या हजारो हमालांच्या लढ्यामुळे. त्यांतल्या कोणी आपल्या यशाचे रहस्य लिहिलेले नाही. मुलीने वर्गात बसणे ही साधी गोष्ट व्हावी म्हणून कर्वे हिंगण्याहून पुण्याला पायी ये-जा करीत. ही सारी माणसे दादाच्या कागदावर डाव्या बाजूला मांडायला हवी होती. पण इतकी मोठी वही आणायची कुठून?

म्हणून माझ्या वर्गबंधू-भगिनींना माझे सांगणे आहे, की ही पुस्तके टाकून देऊ नका. त्यांतल्या युक्त्या घ्या, वापरा. बोलायला शिका, वेळ राखायला शिका, हिशेब ठेवायला शिका. पण प्रत्येक पुस्तकाला दोन प्रश्न विचारा. हे पुस्तक कोणाशी बोलते आहे? आणि माझ्या घरातले कोण या पुस्तकात नाही? उत्तर एकट्याने सुचत नसेल तर एक उपाय आहे. पुस्तक घरी मोठ्याने वाचा. ज्यांना अक्षर येत नाही त्यांना वाचून दाखवा.

मी अलीकडे रात्रीची दहा पाने मोठ्याने वाचते. आई तांदूळ निवडता निवडता ऐकते, आबा गुडघ्याला तेल चोळीत ऐकतात, दादाची पाळी दिवसाची असेल तर तोही दाराशी बसतो. कर्व्यांच्या साताऱ्याच्या वाटेचे पान वाचून संपविले तेव्हा मी विचारले, “आबा, यातून काय शिकायचं?” आबांनी शिकवण वगैरे काही सांगितली नाही. त्यांनी उलट मलाच विचारले, “एवढ्या लांब चालत निघाली पोरं, तर भाकरी कुणी बांधून दिली हुती?”

(द्वितीय वर्ष, कला)